आवाज येतो, शब्द कळत नाहीत

घरातल्या वयस्कर माणसाला पहिल्यांदा श्रवणयंत्र लावलं की आठ-पंधरा दिवसांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." माझी आत्या हे म्हणायची, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटायचं की तिला अजून सवय झालेली नाही. दुकानात जाऊन आवाज वाढवून आणला, मग दुसरं यंत्र आणलं. लग्नाच्या हॉलमध्ये ती ते काढून पर्समध्ये ठेवायची. शेवटी ते सेल काढून कपाटातल्या डबीत गेलं, आणि आत्या आमच्याकडे बघून नुसती हसायला लागली. तिची तक्रार अक्षरशः खरी होती, हे मला फार उशिरा कळलं. आवाज पोचणं आणि शब्द कळणं ही कानाची दोन वेगळी कामं आहेत. हे समजून घेण्यात शास्त्रज्ञांचं अख्खं अर्धशतक गेलं, आणि ते काम बहुतांशी विद्यापीठांत आणि सरकारी प्रयोगशाळांत, लोकांच्या करातून आलेल्या पैशावर झालं. त्या कामाचा हा आढावा घेताना माझ्या मनात एकच प्रश्न आहे. जनतेच्या पैशानं उभं राहिलेलं हे ज्ञान आत्याच्या कानापर्यंत का पोचलं नाही?

सुरुवात एका टपाल खात्यापासून करावी लागते. गेऑर्ग फॉन बेकेशी हा हंगेरियन शास्त्रज्ञ १९२३ पासून बुडापेस्टमध्ये टपाल-तार खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. टेलिफोनचा आवाज सुधारायचा तर कान कसा चालतो ते कळायला हवं, म्हणून त्यानं मृतदेहांच्या कानांतली ती शंखासारखी वळलेली नळी, कॉक्लिया, उघडून तिच्यातला पडदा आवाजानं कसा हलतो ते पाहिलं. वेगवेगळ्या पट्टीचे स्वर पडद्याच्या वेगवेगळ्या जागी लाट उठवतात हे त्यानं दाखवलं, आणि १९६१चं नोबेल त्याला मिळालं. पण मेलेल्या कानातली ती लाट फार पसरट होती. एवढ्या ढोबळ यंत्रणेवर माणूस दोन जवळचे स्वर वेगळे कसे ओळखतो, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर केंब्रिजमधल्या टॉमस गोल्ड या तरुणानं १९४८ मध्येच सुचवलं होतं. त्याचं म्हणणं असं की जिवंत कान नुसता आवाज झेलत नाही, स्वतः शक्ती लावून तो वाढवतो, आणि तसं असेल तर कधीकधी कानातून आवाज बाहेरही पडला पाहिजे. त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनच्या एका कान-नाक-घसा रुग्णालयात डेव्हिड केम्प यांनी कानाच्या भोकात बारीक मायक्रोफोन बसवला आणि टिकटिक असा छोटा आवाज आत सोडला. काही मिलिसेकंदांनी आतून प्रतिसाद आला. कान बोलत होता! पुढे १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी कॉक्लियातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केशपेशी विजेच्या इशाऱ्यावर लांब-आखूड होतात हे दाखवलं. २००० साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पीटर डॅलॉस यांच्या गटानं ही हालचाल घडवणारं प्रथिन शोधलं. 'प्रेस्टिन' हे त्याचं नाव.

हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण आत्याच्या वाक्यात आहे. माणसाच्या एका कानात अशा बाह्य केशपेशी साधारण १२,००० असतात, आणि मेंदूकडे निरोप पाठवणाऱ्या आतल्या केशपेशी ३,५०० च्या आसपास. वय, गोंगाट, काही औषधं यांनी आधी मरतात त्या बाहेरच्या. त्या गेल्या की दोन गोष्टी एकदम घडतात. हळू आवाज वाढवणारं कानाचं आतलं यंत्र बंद पडतं, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो. म्हणूनच घराघरांत तो प्रसंग घडतो : आजोबांना हळू बोललेलं ऐकू येत नाही म्हणून नातू आवाज चढवतो, आणि आजोबा चिडतात, "ओरडतोस कशाला?" दुसरं नुकसान जास्त वाईट. जवळजवळचे स्वर वेगळे करण्याची धार जाते. 'शाल', 'साल', 'ताल' हे शब्द पाहा. त्यांतला 'आ' जाड आणि दमदार आहे, तो पोचतो. फरक ज्या श, स, त मध्ये आहे ती व्यंजनं अशक्त, आणि त्यांतही श-स वरच्या पट्टीतले. ती एकतर येतच नाहीत, किंवा शेजारच्या गलक्यात मिसळून येतात. चष्म्याची उपमा इथे लागू पडत नाही. चष्मा डोळ्याच्या भिंगाची चूक भरून काढतो, पडद्याची नाही, आणि आत्याच्या कानातल्या केशपेशीच झिजल्या होत्या. नुसता आवाज वाढवल्यानं तिला काय मिळणार होतं?

हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवायचा, ही आजच्या प्रत्येक डिजिटल यंत्रातली युक्ती या शरीरशास्त्रातून पक्की झाली. पहिल्या नुकसानावर तिनं बराच उतारा मिळतो. दुसऱ्यावर अजून पुरेसा उपाय नाही, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं बरंच जिद्दीचं संशोधन तिथेच चाललं आहे. त्याकडे येण्याआधी पैशाची गोष्ट सांगायला हवी.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांमध्ये ऐकू न येणाऱ्यांची संख्या मोठी होती. त्यामुळे एकाच काळात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर सरकारांनी एकच प्रश्न विचारला : यंत्र कसं असावं? अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आणि ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीत जवळपास सारखंच उत्तर निघालं. बहुतेकांना एकाच साध्या घडणीचं यंत्र चालतं, प्रत्येकाच्या कानासाठी खास घडवल्याचा जो दावा दुकानदार करत होते त्याला आधार नाही. ब्रिटननं त्या उत्तरावर थेट यंत्रच बनवलं. परिषदेच्या इंग्रजी नावावरून त्याला 'मेडरेस्को' म्हणत. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून ते लोकांना फुकट मिळू लागलं. छातीशी अडकवायचं, जाडजूड, वायर लोंबणारं यंत्र. दिसायला कुरूप, पण गिरणी कामगाराला आणि शाळामास्तरला तेच मिळायचं.

ऑस्ट्रेलियात गोष्ट मुलांपासून सुरू झाली. १९४०-४१ च्या रुबेलाच्या साथीत गरोदर आयांना संसर्ग झाला आणि पुष्कळ मुलं बहिरी जन्मली. त्यांच्यासाठी आणि सैनिकांसाठी सरकारनं जी प्रयोगशाळा काढली ती आज 'नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीज' म्हणून ओळखली जाते आणि सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथे डेनिस बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७६ मध्ये एक सूत्र छापलं. रुग्णाचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं त्याचा आलेख, घ्या, आणि कोणत्या पट्टीत किती आवाज वाढवायचा ते या गणितानं काढा. पुढे ते सूत्र सुधारत गेलं. नवखा वापरणारा असेल तर आवाज थोडा कमी ठेवा, लहान मूल असेल तर वेगळा हिशेब, अशी बारीक दुरुस्ती वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून त्यात भरली. लहान मुलांसाठी कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात रिचर्ड सीवॉल्ड यांच्या गटानं दुसरं सूत्र तयार केलं. आज पुण्यात किंवा नागपुरात एखादी ऑडिओलॉजिस्ट संगणकाला यंत्र जोडते, तेव्हा पडद्यावर जी वक्ररेषा उमटते ती बहुधा या दोहोंपैकी एका सूत्राची असते.

माझ्या मते या क्षेत्रात सार्वजनिक पैशानं दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट यंत्र नाही. सूत्र, चाचणी, आणि 'हे खरंच चालतं का' याचा पुरावा, या तीन गोष्टी आहेत. यंत्र कोणीतरी विकणारच होतं. पण एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या इतकंच चांगलं आहे असं सांगणारी चाचणी कोणती कंपनी करील?

नवजात बाळांची तपासणी हे याचं उत्तम उदाहरण. केम्प यांचा तो 'कानातून येणारा आवाज' झोपलेल्या बाळाच्या कानातही येतो, आणि बाह्य केशपेशी काम करत नसतील तर येत नाही. मग बाळानं हात वर करून 'ऐकू आलं' म्हणण्याची गरजच नाही. पण लवकर कळून फायदा काय, हेही सिद्ध व्हायला हवं होतं. १९९८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १५० मुलांची तुलना केली. ज्यांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलं आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा ठळकपणे पुढे होती. ऑस्ट्रेलियात टेरेसा चिंग यांनी साडेचारशेहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांनाही पाचव्या वर्षी तेच दिसलं, आणि त्या अभ्यासाला अमेरिकेच्या सरकारी संस्थेचाही पैसा होता. इंग्लंडनं २००१ ते २००६ या काळात सगळ्या नवजात बाळांची तपासणी सुरू केली. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. पण यादीत असणं आणि आडगावच्या प्रसूतिगृहात ते छोटं यंत्र, त्याला चालवणारी परिचारिका आणि पुढे पाठवायला जागा असणं यात फार अंतर आहे. आजही पालकांच्या लक्षात येतं ते मूल दीड-दोन वर्षांचं झालं तरी 'आई' म्हणत नाही तेव्हा. तोवर भाषेची सगळ्यात सुपीक वर्षं निघून गेलेली असतात.

कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे कॉक्लियात तार बसवून श्रवणतंतूंना थेट विजेचे इशारे देणाऱ्या यंत्राची, कहाणी सगळ्यांना थोडीफार माहीत असते, म्हणून तिच्यातला पैशाचा धागाच उचलतो. मेलबर्न विद्यापीठाचे ग्रेम क्लार्क हे एका बहिऱ्या औषधविक्रेत्याचे चिरंजीव. लहानपणी दुकानात वडिलांची गिऱ्हाइकासमोर होणारी ओढाताण त्यांनी पाहिली होती. चांगली चाललेली शल्यचिकित्सा सोडून १९६६ मध्ये ते संशोधनाकडे वळले. सरकारी अनुदान अपुरं होतं, तेव्हा दूरचित्रवाणीवरून लोकांकडे देणग्या मागितल्या गेल्या. विद्युताग्रांची तार कॉक्लियाच्या आखडत जाणाऱ्या वळणात न मोडता सरकवायची कशी, हा पेच समुद्रकिनाऱ्यावर सुटला. एका शंखात गवताचं पातं सरकवताना त्यांच्या लक्षात आलं की टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ असेल तर ते आत जातं. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. त्याच्या आदल्या वर्षी व्हिएन्नातल्या तांत्रिक विद्यापीठात इंगेबोर्ग होखमायर आणि त्यांच्या पतींनी बनवलेलं यंत्र तिथल्या एका रुग्णाला बसवलं गेलं होतं.

तरीही सुरुवातीच्या इम्प्लांटवर ओठ न पाहता बोलणं समजणारे थोडेच होते. खरी उडी १९९१ मध्ये आली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ब्लेक विल्सन यांच्या गटानं बोलण्याचे तुकडे विद्युताग्रांना एकाच वेळी न देता झपाट्यानं एकामागून एक देण्याची पद्धत शोधली. हे काम राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कंत्राटावर चालू होतं, आणि त्यांनी ती पद्धत सगळ्या कंपन्यांना खुली करून दिली. आज जगातलं जवळपास प्रत्येक इम्प्लांट त्या पद्धतीच्या किंवा तिच्या वंशजाच्या बळावर बोलतं. क्लार्क, होखमायर आणि विल्सन यांना वैद्यक संशोधनासाठीचा २०१३ चा लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला. पण त्या खुल्या ज्ञानाचा माल होताना किंमत मात्र खुली राहिली नाही. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेच्या २०१४ च्या सुधारणेत एका मुलाच्या इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद करावी लागली, आणि लक्ष्य वर्षाला ५०० मुलांचं. देशी इम्प्लांट बनवण्याचा घाट संरक्षण संशोधन संस्थेच्या विशाखापट्टणमच्या प्रयोगशाळेनं घातला, त्यामागे डॉ. अब्दुल कलामांची प्रेरणा होती. ते स्वस्त देशी इम्प्लांट जिल्हा रुग्णालयांत मिळण्याची वाट आपण अजून पाहतोच आहोत.

आता गोंगाट. लग्नाच्या हॉलमध्ये आत्यानं यंत्र का काढलं? कारण सनई, ताटांचा खणखणाट आणि शेजारणीचं बोलणं त्या यंत्राला एकसारखंच. ओहायो राज्य विद्यापीठात डिलियांग वांग आणि एरिक हीली यांनी २०१३ मध्ये दाखवलं की संगणकाला हजारो नमुन्यांवर शिकवलं तर तो बोलणं गलक्यातून वेगळं काढू शकतो, इतकं की काही बहिऱ्या श्रोत्यांना या मदतीविना ऐकणाऱ्या चांगल्या कानांच्या लोकांपेक्षाही जास्त शब्द कळले. त्या वेळी हे गणित कानामागच्या चिमुकल्या सेलवर चालणं शक्य नव्हतं. आज महागड्या यंत्रांच्या जाहिरातींत 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणून जे झळकतं त्याचं बीज तिथलं आहे. ब्रिटनमध्ये शेफिल्ड, सॅलफर्ड, नॉटिंगहॅम आणि कार्डिफ या विद्यापीठांनी सरकारी पैशातून 'क्लॅरिटी' नावाची खुली स्पर्धा चालवली. ध्वनिमुद्रणं आणि प्रणाली सगळ्यांना उपलब्ध, ज्याला जमेल त्यानं सुधारून दाखवावं. जर्मनीतल्या ओल्डेनबर्गमध्ये श्रवणयंत्राची संपूर्ण खुली संगणकप्रणाली तयार झाली आहे.

गोंगाटाबद्दलची एक गोष्ट मात्र अस्वस्थ करणारी आहे. हार्वर्डच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं चाचणीत पूर्ववत झालं, पण कॉक्लियाच्या काही भागात केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे तुटले होते. माणसांत हे किती प्रमाणात होतं यावर अजून वाद आहे. पण मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे लेकराला खांद्यावर घेऊन नाचणारा बाप पाहिला की मला हे उंदीर आठवतात. 'दोन दिवसांनी कान मोकळे झाले' हा दिलासा आता पुरेसा नाही.

मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतील का? पक्ष्यांत उगवतात, हे १९८८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. सस्तन प्राण्यांत नाही. बोस्टनच्या संशोधनातून निघालेलं एक औषध २०२३ मध्ये चाचणीत नापास झालं. उलट जनुकोपचारात खरी उजेडाची तिरीप दिसली : शांघायच्या फुदान विद्यापीठात 'ओटोफर्लिन' या एका जनुकातल्या दोषानं जन्मतः बहिऱ्या सहा मुलांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. तो दोष बहिरेपणाच्या फार थोड्या रुग्णांत असतो. वयानं झिजलेल्या कानांना अजून वाट पाहावी लागेल.

श्रवणयंत्रांच्या दोन चाचण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्यांचे निकाल दुकानांत अर्धवट सांगितले जातात. इंडियाना विद्यापीठाचे लॅरी ह्यूम्स यांनी २०१७ मध्ये १५४ जणांची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना एकच उत्तम यंत्र. एका गटाला ऑडिओलॉजिस्टनं नीट बसवून दिलं, दुसऱ्यानं स्वतः निवडून घेतलं, तिसऱ्याच्या यंत्रात आवाज वाढतच नव्हता. पहिल्या दोन्ही गटांना फायदा झाला, मात्र तज्ज्ञाच्या हातून घेतलेले जास्त समाधानी होते. आणि तिसऱ्या गटातलेही एक-तृतीयांशाहून जास्त लोक ते खोटं यंत्र विकत घ्यायला तयार झाले! 'लावून बघा, आवडलं तर घ्या' या पद्धतीवर किती विसंबायचं, ते यावरून कळावं. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम बहिरेपणाची यंत्रं तपासणी-चिठ्ठीशिवाय मिळू लागली, त्या निर्णयाआधीच्या चर्चेत या चाचणीला वजन होतं.

दुसरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांची. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. श्रवणयंत्रानं बुद्धीची घसरण मंदावते का? सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक नाही. पण हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेल्या, आधीच जास्त जोखीम असलेल्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. जाहिरातवाले हा दुसरा आकडा तेवढा उचलतात. माझं मत असं की स्मृतिभ्रंशाची भीती घालून यंत्र विकणं अप्रामाणिक आहे. आत्याला बोलणं कळावं, एवढं कारण यंत्रासाठी पुरेसं होतं.

आपल्याकडे पाया नाही असं नाही. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून केंद्राच्या पैशावर काम करत आहेत, आणि देशातल्या ऑडिओलॉजिस्टांच्या पिढ्या तिथे घडल्या. मुंबईच्या आयआयटीत प्रेम पांडे यांच्या गटानं आवाज दाबण्याची, व्यंजनं ठळक करण्याची नवी तंत्रं शोधली आणि ती साध्या स्मार्टफोनवर चालवून दाखवली. जॉर्जिया टेकमध्ये साद भामला यांनी २०२० मध्ये सुमारे एक डॉलरच्या सुट्या भागांतून वृद्धांसाठी यंत्राचा आराखडा करून तो सगळ्यांना खुला केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार यंत्राची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात. हे आराखडे जिथे पोचायला हवेत ती जागा आपला देशच आहे.

पण उणीव आणखी एका ठिकाणी आहे आणि ती भरून काढायला फार पैसा लागत नाही. १९९४ मध्ये बर्न आणि जगभरच्या सहकाऱ्यांनी बारा भाषांमधल्या बोलण्याची सरासरी ध्वनिरचना मोजली, यंत्राचं गणित तशा मोजणीवर बसतं. त्या यादीत सिंहली होती, व्हिएतनामी होती. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. आमचा ळ आणि ल, ण आणि न, ठ आणि थ, चमच्यातला आणि चहातला वेगळा च झिजलेल्या कानात कुठे कसे गळतात, हे मोजणं परदेशी कंपनीचं काम नाही. वऱ्हाडातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या बोलणाऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून, बाजाराच्या आणि मंगल कार्यालयाच्या गलक्यात मिसळून शब्दांच्या चाचण्या बनवायच्या, आणि त्या कोणालाही फुकट वापरता येतील अशा ठेवायच्या. एका विद्यापीठाचा ध्वनिमुद्रण कक्ष, दोन-तीन संशोधक विद्यार्थी आणि दोन वर्षं, इतकंच त्याला लागेल.

आणि सोबत आणखी एक साधं काम. सरकारी शिबिरांत वाटलेल्या यंत्रांची यादी तालुक्याला असते. वाटपानंतर सहा महिन्यांनी त्या घरांची दारं वाजवायची. यंत्र कानात आहे की डबीत, ते पाहायचं. डबीत असेल तर समोर बसून, जरा मोठ्यानं पण न ओरडता विचारायचं, का काढलंत?